दुधकोंडीवरचा दगड

ही गोष्ट खरी आहे. ग्रामदेवतेच्या पायरीवर हात ठेवून सांगायला तयार आहे, शपथेवर खरी. घडली तेव्हा सांगणारा तिथेच उभा होता. म्हणजे उभा नव्हता. त्याचा खापरपणजासुद्धा तेव्हा जन्माला यायचा होता. पण ज्याने डोळ्यांनी पाहिली त्याच्याच तोंडून ऐकली आहे. म्हणजे त्याच्याही नाही, त्याने ज्याला सांगितली त्याच्या नातवाच्या... जाऊ द्या. खरी आहे एवढं धरून चला, आणि पाय जपून टाका, कातळ तापलाय.

हा तळसड्याचा सडा, म्हणजे गावाच्या डोक्यावरचं कातळाचं पठार. पावसात इथे गुडघाभर गवत असतं आणि गवतात निळी फुलं. बाकीचे महिने नुसता काळा, उघडा कातळ. तुमच्या पायाखाली ज्या आकृती कोरलेल्या दिसतात त्या कुणी कोरल्या, कधी कोरल्या, ते गावात कुणाला ठाऊक नाही. त्यांचं राहू द्या. आपल्याला जायचंय तिकडे, सड्याच्या पार टोकाला, जिथून खाली गावाची कौलं दिसतात. तिथे तो दगड आहे. त्याचं तोंड गावाकडे आहे. दगडाच्या बुडाशी हातभर रुंदीचा खळगा आहे, त्याला दुधकोंड म्हणतात. भर वैशाखातही तो आटत नाही. पाणी पांढुरकं असतं. कशासारखं, ते तुम्ही आपल्या मनात म्हणा.

परवा पुण्याकडची मंडळी आली होती. दगड दिसल्याबरोबर त्यांतल्या एक बाई ओरडल्या, "अय्या, अगदी बाई बसल्यासारखा!" लगेच दगडावर काठी आपटावी लागली. "दगड तो दगड!" असं मोठ्याने म्हणावं लागलं आणि सगळ्यांकडून "व्हय महाराजा" म्हणवून घ्यावं लागलं. मंडळी हसली. हसतात सगळेच. पहिल्यांदा गावही हसलंच होतं, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते.

फार मागे, असे सांगतात, या गावात आवडी नावाची एक बाई होती. खेमा गावकाराची बायको. गावकार म्हणजे देवापुढे उभं राहून गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालण्याचा मान ज्याच्या घरी तो. खेमाचा आवाज असा की तो देवळात बोलला तर पलीकडच्या वाडीतली गुरं कान टवकारत. गाऱ्हाण्याची रीत तुम्हाला माहीत असेल. तो एकेक मागणं सुरात मांडतो, आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी सगळा गाव एका तोंडाने म्हणतो, "व्हय महाराजा!" लहान पोरालाही ते शिकवावं लागत नाही. तो सूर कानावर पडला की तोंडातून "व्हय" आपोआप निघतं.

आवडीला मात्र वेगळंच वेड होतं. तिला कुठलीही वस्तू एकटी दिसत नसे. चुलीमागच्या भिंतीवर धूर बसला की त्यात तिला डोईवर मोळी घेतलेली म्हातारी दिसे. भाताच्या पेजेवर साय धरली की ती म्हणे, "बघा, खाडीला ओहोटी लागली." दिवाळीत अंगणात ती तांदळाच्या पिठाचे कणे, म्हणजे रांगोळ्या, घालायची, तर आजूबाजूच्या वाड्यांतल्या बाया केवळ बघायला येत. गवत कापायला सगळ्याजणी सड्यावर गेल्या की या कोरलेल्या आकृतींपाशी तिला थांबवत. "आवडे, ह्ये कशासारखं गो?" ती मान कलती करून बघे आणि सांगे, आणि एकदा तिने सांगितलं की बाकीच्यांनाही तेच दिसू लागे, दुसरं काही दिसतच नसे. सुपासारखं म्हटलं की सूप. बाळंतिणीसारखं म्हटलं की बाळंतीण. बारशाला तिला मुद्दाम बोलावत, पोराला एखादी चांगली उपमा द्यायला. उपमा चिकटते, असं बाया म्हणत. ती थट्टेनेच म्हणत, म्हणे.

त्या वर्षी आवडीला मुलगी झालेली, मथू नाव. अंगावर पिणारी. शिमग्याला देवीची पालखी सड्यावर येते, तशी आली. पालखी येणार म्हणून आवडीने आदल्या दिवशी दाराशेजारच्या भिंतीवर गेरू सारवून मोर काढला होता, आणि खेमाने चार माणसांत त्याच्याकडे बघून म्हटलं, "मोर कसला? पावसात भिजलेली कोंबडी वाटते."

आवडीला राग आला. उपमा देण्याचा मान घरात तिचा होता. तो तिच्यावरच उलटवला, तोही इतका वाईट आणि वर थोडासा खरा. सड्यावर पालखी टेकली, ढोल वाजू लागले, बाया फुगड्या घालू लागल्या; ही मथूला सासूच्या हातात देऊन टोकावरच्या दगडाशेजारी जाऊन बसली. गुडघे पोटाशी, हनुवटी गुडघ्यावर, गावाकडे पाठ, तोंड समुद्राकडे. तो दगड त्या काळी तसाच बसलेला होता. गावाकडे पाठ, तोंड समुद्राकडे. हे ध्यानात ठेवा.

देवीचं खरं गाऱ्हाणं झालं होतं. नारळ फुटले होते. शिमग्याचा दिवस, पोटात थोडी गेलेली, आणि खेमाने त्या दोघींच्या पाठी शेजारी शेजारी पाहिल्या. मग त्याने पागोटं सारखं केलं, हात जोडले आणि आपला तो ठेवणीतला सूर लावला.

"बा देवा म्हाराजा! ही माझी अस्तुरी रुसली. ही हितं बसली, नि ह्यो दगड हितं बसला. दोघांत फरक काय तो आम्हा लेकरांना दिसत नाय म्हाराजा. तर दगड तीच आवडी, नि आवडी तोच दगड, असं जे काय असंल ते आजपासून पक्कं कर रे म्हाराजा!"

"व्हय महाराजाऽऽ!"

साऱ्या सड्यावरून ते उठलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी म्हटलं, पोरांनी म्हटलं. आवडीच्या तोंडूनही निघालं. तो सूर कानावर पडला की निघतंच. मग हसण्याचा असा कल्लोळ झाला की ढोलवाल्याच्या हातातली काठी गळाली. आवडीही वळून हसली. "गावकार, कोंबडी परवडली हो!" ती म्हणाली, आणि रुसवा गेला.

एकटी खेमाची आई, बायजा, हसली नाही. "मेल्या," ती म्हणाली, "त्या सुरात थट्टा करू नये."

घरी आल्यावर मथूने अंगावर तोंड लावलं आणि काढून घेतलं. पुन्हा लावलं, पुन्हा काढलं, आणि रडू लागली. दूध येत नव्हतं. आवडीला वाटलं, उन्हातून आले, दमले, येईल.

आलं नाही. होळीची राख विझायच्या आत तिच्या टाचा गार पडल्या. न्हायला बसली तर अंगावर घेतलेलं पाणी ओघळून खाली गेलं आणि कातडी कोरडीच राहिली. अंगणात भात वाळवत बसली असता कोंबडी आली आणि खडा समजून तिच्या अंगठ्याला टोचून गेली, दुखलं नाही. हाताने जातं ओढताना मनगट जात्याच्या पाळीवर आपटलं तर आवाज दगडावर दगडाचा आला. ती हात बघत बसली. बायजाही बघत होती. मथूला बोळ्याने शेळीचं दूध पाजत; ती ते ओकून टाकी. पोर वाळत चालली. रडायचा आवाजसुद्धा बारीक झाला.

अशात मोळीला गेलेल्या बाया सड्यावरून उतरल्या त्या अंगणातूनच ओरडत आल्या. "आवडे, तुझ्या त्या दगडाच्या बुडाला पाणी लागलंय गो! पांढरं!"

भर दुपारी आवडी मथूला कडेवर घेऊन सड्यावर चढली. त्या वेळी सड्यावर काहीच हलत नाही. आपलीच सावली पायाखाली दडते. पाय उचलत नव्हते. पोहोचली तेव्हा दगडाच्या मांडीपासून खाली ओल उतरत होती आणि खळग्यात साठत होती. तिने बोट बुडवून मथूच्या ओठाला लावलं. मथू चोखू लागली. तिने ओंजळ धरली. पोर घटाघटा प्यायली, आणि शिमग्यापासून पहिल्यांदाच तिच्या कुशीत झोपली.

आवडीने दगडाच्या पाठीला हात लावला. पाठ उबदार होती. ऊन आहे, ती मनाशी म्हणाली. मग सावलीच्या बाजूने हात लावला. तीही उबदार होती. आणि मानेच्या जागी, जिथे पूर्वी कोरडी भेग होती, तिथे केसांएवढं बारीक काळं शेवाळ उगवलं होतं.

मग ती रोज चढू लागली. लेकराचं पोट भरायचं तर दुसरा इलाज नव्हता. आणि रोज वाटेत कुणी ना कुणी भेटे, आणि हसत म्हणे, "काय आवडे, आरशात बघायला निघालीस?" प्रत्येक वेळी तिचं पाऊल आणखी जड होई. तेव्हा तिच्या लक्षात आलं. आपण आजवर वस्तूंना वस्तू जोडत आलो, पण जोडणीला दोन टोकं असतात याचा विचार केला नाही. दगड आपल्यासारखा झाला म्हणजे आपणही दगडासारख्या होणार. एकाने जे घ्यायचं ते दुसऱ्याने द्यायचं.

तिने आपल्या परीने झुंज दिली, असे सांगतात. दगडापाशी बसून ती त्याला दुसऱ्या उपमा द्यायची. तू पाण्यात बसलेली म्हैस. तू पावसाळ्यासाठी रचलेली गवताची उडवी. तू पालथा घातलेला हंडा. एरवी तिने म्हटलं की जगाला तसं दिसत असे. पण इथे "व्हय" म्हणायला कुणी नव्हतं. ती बोलायची, थांबायची, आणि दगड तिचं ऐकत राहायचा. ऐकत म्हणजे खरोखर. आधी त्याचा चेहरा सरळ समुद्राकडे असायचा. आता मान थोडी वळून कान तिच्याकडे झाला होता.

त्या संध्याकाळी तिने खेमाला सगळं सांगितलं. तो रडू लागला. "मस्करी केली गो मी. देवाक ठाव आहे, मस्करी होती."

"अहो, तुमची मस्करी होती," आवडी म्हणाली. "गावाचं 'व्हय' खरं होतं."

बायजाने गाव बोलावला. कुणी पुटपुटलं, पंचांना विचारू, देवाचा कौल घेऊ. म्हातारीने उडवून लावलं. "देवाने कुठं काय दिलंय? तुम्ही दिलंत. तुमच्याच तोंडाने मागं घ्या." खेमाने देवळात जाऊन पागोटं उतरवून ठेवलं आणि सांगितलं, हे एक गाऱ्हाणं घालतो, त्यानंतर मान चुलतभावाकडे जाऊ दे, माझं तोंड त्या सुराला पुन्हा लागायचं नाही. ते त्याने पुढे जन्मभर पाळलं.

आवडीला तोवर उभं राहवत नव्हतं. डोलीत घालून नेली तर दांडी वाकली. उचलणारे एकमेकांकडे बघत राहिले, कारण बाई अंगाने अगदी किडकिडीत होती. सड्यावर तिला दगडाशेजारी बसवली. ती आपसूक त्याच बैठकीत बसली, गुडघे पोटाशी, हनुवटी गुडघ्यावर. ऊन असं पेटलेलं की कातळावरची हवा थरथरत होती आणि त्या थरथरीत दोघींच्या कडा एकमेकींत मिसळत होत्या. मथू खेमाच्या खांद्यावर होती.

"गाऱ्हाणं सुरू झालं की तोंडं फिरवा," बायजा म्हणाली. "विलग होताना बघू नये." तिने स्वतःही तोंड फिरवलं. आवडीने तेवढ्यात सासूचा पदर धरला. "आत्याबाई, मथूला..." एवढंच बोलली, आणि पुढचं जीभ वळेना म्हणून राहिलं.

खेमाने सूर लावला. आवाज फाटत होता. "बा देवा म्हाराजा! आम्हा लेकरांच्या हातून चूक झाली. न दिसेल ते दिसलं म्हटलं, न जोडायचं ते जोडलं. तर ते तोड रे म्हाराजा. दगड तो दगड."

"व्हय महाराजा!"

"आवडी ती आवडी."

"व्हय महाराजा!"

"जिचं तिला जाऊ दे, जिथलं तिथं राहू दे रे म्हाराजा."

"व्हय महाराजा!"

आणि सगळ्यांची तोंडं मिटल्यावर, सगळ्यांच्या मागून, आणखी एकदा आलं, "व्हय महाराजा." आवाज बाईचा होता. हळू, आणि एकेक अक्षर नव्याने लावत आलेला. पुढे जन्मभर त्या सड्यावर उभे असलेले लोक एकमेकांना विचारत राहिले, की तो कुठल्या बाजूने आला. उजवीकडे आवडी होती, डावीकडे दगड. कुणाचंच एकमत झालं नाही.

मग कातळावर काहीतरी जड सरकल्याचा आवाज झाला. बराच वेळ सरकत होतं. नंतर खेमाच्या खांद्यावर एक हात पडला.

"चल," ती म्हणाली. "पोरीला भूक लागली असंल."

आवडीने नवऱ्याला कधी एकेरीत हाक मारली नव्हती, पण त्या आनंदात अशा गोष्टी कोण धरून बसतो! ती उभी होती. चालत होती. पाय हलके पडत होते. मथू तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली, इतका की खेमाला भीती वाटली. मग तिने तोंड लावलं, आणि दूध होतं. बाया रडल्या. बायजा म्हणाली, "मागं वळून बघू नका," आणि गाव खाली उतरला. आवडी घरी आली. चुलीपाशी बसली. त्या रात्री गावात कुणी जेवल्याशिवाय झोपलं नाही.

सकाळी खेमाने अंगणातून वर पाहिलं तेव्हा सड्याच्या टोकावर दगडाचं तोंड दिसलं. आजवर त्या घरातून त्याची पाठ दिसत असे. आता तो गावाकडे तोंड करून, बरोबर त्यांच्या अंगणावर नजर ठेवून बसला होता. "वळला असंल," बायजा म्हणाली. "उन्हाने दगड हलतात." पण त्या दिवसापासून म्हातारी दुपारी जेवायला बसण्याआधी भाताचं एक वेगळं पान वाढून सड्याच्या बाजूला ठेवू लागली. कुणी विचारलं तर म्हणे, कावळ्याला. कावळा त्या पानाला कधी शिवला नाही.

आवडीने पुढे सुखाने संसार केला. मथू मोठी झाली, तिच्या पाठीवर भाऊ झाले. सांगणाऱ्याचं घर त्यांतल्या धाकट्याचं. एक फरक तेवढा पडला. ती कशाचीही उपमा कधी देत नसे. दिवाळीत कणे घालायला बाया बोलवायला आल्या तर पिठाकडे बघून म्हणाली, "पीठ आहे." भिंतीवरचा मोर तिने पहिल्याच आठवड्यात सारवून टाकला. पोरं ढगाकडे बोट दाखवून म्हणत, "आये, हत्तीसारखा," तर ती त्यांच्या डोक्यावर हात ठेवून शांतपणे म्हणे, "ढग तो ढग. म्हणा, व्हय महाराजा." धास्ती घेतली बिचारीने, असं लोक म्हणाले. आणि तिचं बघून साऱ्या गावाने तेच धरलं.

म्हणून तळसड्यात आजही कुणी कशाला कशासारखं म्हणत नाही. पाहुण्याच्या तोंडून गेलंच, तर तिथल्या तिथे मोडतात. आजही गावात मूल जन्मलं की त्याला आधी सड्यावर आणतात, दुधकोंडीत बोट बुडवून त्याच्या ओठाला लावतात, आणि मूल दगडाला दिसेल असं धरतात. दात लवकर येतात, असं कारण सांगतात. आजही आमच्या घरी दुपारचं एक पान बाहेर असतं.

आता शपथेचं. सुरुवातीलाच खरी म्हटलंय, तेव्हा हिशेब सरळ करायला हवा. दूध आटलं ते खरं, कोंड भरली ती खरी, मागून आलेला आवाज खरा, दगड वळला तो तर तुम्ही डोळ्यांनी बघताय. यातला एकच भाग पदरचा घातलेला आहे, आल्या पाहुण्यांना उतरताना जड जाऊ नये म्हणून. घरी आली ती आवडी होती, हा. गावात तसं कुणी सांगत नाही. गावात इतकंच सांगतात, की सड्यावरून एक बाई उतरून आली.

चला, ऊन कललं. पुढची उतरण वाईट आहे, हात धरा. गार लागेल, आमच्या घरात सगळ्यांचेच लागतात. कशासारखा, ते तेवढं म्हणू नका.